कादंबरीतल्या मुलाला नेमकं काय कळलं? उतारा वाचण्याची एक पद्धत

साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत कादंबरीतला उतारा येतो आणि खाली प्रश्न असतो: 'या उताऱ्यातून लहान मुलाची समज कशी व्यक्त होते?' बहुतेक उत्तरं 'निरागस' या शब्दाने सुरू होतात आणि तिथेच अडकतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. सगळीच मुलं निरागस; मग या मुलाचं वेगळं काय?

मुलाने काय पाहिलं, त्यावरून काय ताडलं, कोणत्या हिशेबाने ताडलं आणि तो हिशेब कुठे तोकडा पडला, ही चार उत्तरं मिळाली की समजेचा अर्थ लागला असं म्हणता येतं. चांगल्या कादंबरीतलं मूल वाटेल तसा विचार करत नसतं. हाताशी असलेल्या तुटपुंज्या माहितीवर ते शिस्तीत तर्क लढवत असतं. उत्तर चुकलेलं असतं, रीत बरोबर असते. ती रीत शोधून काढणं हेच आपलं काम, आणि ते कसं करायचं ते एका प्रसिद्ध उताऱ्यावर पायरीपायरीने पाहू.

उतारा कोणता

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १ डिसेंबर १८६० पासून 'ऑल द इयर राउंड' या त्याच्याच साप्ताहिकात दर आठवड्याला हप्त्याने येऊ लागली आणि ऑगस्ट १८६१ मध्ये संपली. नायक पिप हा अनाथ मुलगा, वय सातच्या आसपास. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या दलदलीच्या प्रदेशात तो राहतो. थोरली बहीण आणि तिचा लोहार नवरा जो गार्जरी यांच्याकडे तो वाढतोय.

पहिल्याच प्रकरणात, बोचऱ्या थंडीत, दिवस कलताना तो चर्चच्या दफनभूमीत उभा आहे. आईवडिलांना त्याने कधी पाहिलेलं नाही, त्यांचं चित्रही पाहिलेलं नाही. ते कसे दिसत असतील हे तो थडग्यावरच्या अक्षरांवरून ठरवतो. वडिलांच्या नावाची अक्षरं बघून त्याला वाटतं, ते चौकोनी बांध्याचे, जाडजूड, सावळे, कुरळ्या काळ्या केसांचे असणार. खालच्या 'ऑल्सो जॉर्जियाना वाइफ ऑफ द अबव्ह' या ओळीच्या वळणावरून तो ताडतो की आईच्या चेहऱ्यावर बारीक तांबूस ठिपके असतील आणि ती आजारी असेल. शेजारी दीड-दीड फूट लांबीचे, शंकरपाळ्याच्या आकाराचे पाच दगड ओळीने मांडलेले आहेत. ते त्याच्या पाच लहान भावांचे. त्यांच्याबद्दल त्याची पक्की खात्री आहे की ते सगळे उताणे, विजारीच्या खिशात हात घालूनच जन्मले आणि या जगात असेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढलेच नाहीत.

केंटमधल्या कूलिंग गावच्या चर्चबाहेर लहान मुलांची अशी १३ थडगी आजही आहेत आणि डिकन्सच्या डोळ्यांसमोर तीच जागा होती असं मानलं जातं. तेराची त्याने पाच केली. तेरा दगड मांडले असते तर वाचक आकड्यानेच हबकला असता आणि खिशातल्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं नसतं.

पायरी १: उतारा कापून घ्या आणि मोठ्याने वाचा

दीडशे ते तीनशे शब्दांचा तुकडा घ्या. त्याहून लहान घेतलात तर मुलाची रीत दिसत नाही, एखादा गमतीदार गैरसमज तेवढा हाती लागतो. फार मोठा घेतलात तर तुम्ही नकळत गोष्ट सांगू लागता. मुलाची नजर एखाद्या वस्तूवर पहिल्यांदा ठरते तिथे सुरुवात धरा. त्याच्या समजुतीला धक्का बसतो किंवा तिच्यातून काही कृती घडते तिथे थांबा. आपल्या उताऱ्यात सुरुवात 'आईवडिलांना पाहिलं नव्हतं' इथे होते आणि शेवट पिप रडू लागतो तिथे.

तीनदा वाचा: एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा पेन्सिल हातात घेऊन. मोठ्याने वाचण्याचा कंटाळा करू नका. मुलाची समज पुष्कळदा शब्दांपेक्षा वाक्याच्या चालीत असते आणि ती चाल डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते.

अनुवाद वाचत असाल तर एक खबरदारी घ्या. मुलाचा गैरसमज जिथे एखाद्या शब्दावर उभा असतो, तिथे मूळ शब्द शोधून वहीत लिहून ठेवा. 'वाइफ ऑफ द अबव्ह'चं मराठी 'वरील इसमाची पत्नी' असं केलं की दगडावरची गंभीर कोरीव भाषा कोर्टाच्या कागदासारखी वाटू लागते आणि पिपला तिच्यात जे दिसलं ते नाहीसं होतं.

पायरी २: चार रकाने आखा

वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने पाडा. पहिल्यात मुलाने प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं, हाताळलं तेवढंच. दुसऱ्यात त्याने लावलेला अर्थ. तिसऱ्यात त्यामागचा नियम. चौथ्यात मुलाला ठाऊक नसलेलं, पण वाचकाला किंवा मोठा होऊन गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक असलेलं.

पाच दगडांची ओळ भरू. पहिल्या रकान्यात: पाच छोटे, निमुळते, आडवे दगड, एका ओळीत. दुसऱ्यात: भाऊ उताणे, हात खिशात. तिसऱ्यात: वस्तूचा आकार म्हणजे माणसाचा आकार. दगडाला हात बाहेर आलेले दिसत नाहीत, म्हणजे ते आत असणार. आणि सात वर्षांच्या मुलाच्या अनुभवात हात 'आत' असण्याची जागा एकच, विजारीचा खिसा. चौथ्यात: पाच बाळं गेली, विजार घालण्याच्या वयापर्यंतही ती बहुधा पोचली नाहीत.

तिसरा रकाना भरल्यावर तो समज वेडगळ वाटेनासा होतो, हे पाहा. मुलाने दगडाचं निरीक्षण नीट केलंय. पहिला आणि दुसरा रकाना सगळेच भरतात. तिसरा रिकामा राहतो म्हणूनच उत्तरं 'निरागस कल्पनाविलास' अशा शब्दांवर येऊन थांबतात. तिसऱ्या रकान्यात 'कल्पनाशक्ती' असं लिहिलंत तर ते खोडा. नियम पूर्ण वाक्यात लिहिता आला पाहिजे: 'अमुक दिसलं तर तमुक असतं.'

एका उताऱ्यात अशा तीन ते पाच ओळी पुरेत. दहा भरल्यात तर त्यातल्या निम्म्या एकाच नियमाच्या निघतील. त्या एकत्र करा. वडिलांची अक्षरं आणि आईची ओळ या दोन वेगळ्या ओळी दिसतात, पण नियम एकच आहे: नाव ज्या रूपात दिसतं तेच नाववाल्याचं रूप.

पायरी ३: मूल कुठे बोलतंय आणि मोठा माणूस कुठे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. पिपची गोष्ट 'मी'ने सांगितलेली आहे, पण सांगणारा पिप मोठा झालेला आहे. एकाच वाक्यात दोन वयं असतात. त्यांना वेगळं करण्याची सोपी कसोटी अशी: प्रत्येक वाक्यांशापाशी थांबा आणि विचारा, सात वर्षांचा मुलगा हे म्हणू शकला असता का? म्हणू शकला असता तर खाली साधी रेघ, नसता तर नागमोडी रेघ.

आईवडिलांचं चित्र पाहिलं नव्हतं हे सांगताना कंसात येतं की त्यांचे दिवस फोटोग्राफच्या कितीतरी आधीचे होते. फोटोग्राफीचं तंत्र जगासमोर जाहीर झालं १८३९ मध्ये. दफनभूमीत उभ्या असलेल्या पिपला फोटो ही वस्तूच माहीत नाही. म्हणजे कंसातला आवाज पुष्कळ वर्षांनंतरचा. तिथे नागमोडी रेघ.

पाच भावांबद्दल म्हटलंय की जगण्याच्या सार्वत्रिक झगड्यात पोट भरण्याचा प्रयत्न त्यांनी फारच लवकर सोडून दिला. हीसुद्धा नागमोडी. सार्वत्रिक झगड्याचा हा शब्दप्रयोग डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये येतो, आणि ते पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या पहिल्या हप्त्याच्या वर्षभर आधी प्रसिद्ध झालं होतं. हा सूर मुलाचा असूच शकत नाही. पाच मृत्यू हलक्या हाताने सांगणारा तो मोठा माणूस आहे, आणि त्या हलकेपणाखाली दुःख आहे. मुलाचं मात्र एवढंच: हात खिशात.

'माझा बालिश निष्कर्ष', 'एक विचित्र कल्पना' हे शब्दही मोठ्याचे. स्वतःच्या विचाराला कोणतंही मूल बालिश म्हणत नाही. असे शब्द दिसले की तिथे मोठा पिप लहान पिपकडे वळून पाहतोय असं समजा.

ही पायरी गाळली तर काय होतं? विद्यार्थी लिहितो, 'पिपला जीवनसंघर्षाची जाणीव आहे.' नाही. जाणीव निवेदकाला आहे. एका वाक्याने उत्तराचा पायाच सरकतो आणि परीक्षकाला तो लगेच दिसतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. तिथे मोठा श्याम रात्रीमागून रात्री सोबत्यांना बालपणीच्या आठवणी सांगतो. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून लहान श्याम आईला लुगडं पसरायला लावतो, हा प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. त्या क्षणी मुलाची समज इतकीच: ओले पाय, खाली माती, पाय मळतील. पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप, हे आईचं म्हणणं. 'श्यामला मनाच्या स्वच्छतेचं महत्त्व कळलं आहे' असं त्या क्षणाबद्दल लिहिलं तर आईचं वाक्य मुलाच्या खात्यावर जमा होतं.

पायरी ४: शब्दावर अडखळलेलं मूल

आकारावरून माणूस ताडणं हा एक प्रकार. दुसरा, आणि कादंबऱ्यांत फार आढळणारा, म्हणजे मोठ्यांच्या वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणं.

दुसऱ्या प्रकरणात पिपची बहीण शेजारणींत मिरवत असते की तिने पिपला 'ब्रॉट अप बाय हँड' म्हणजे हाताने वाढवलं. त्या काळी या शब्दांचा अर्थ होता, अंगावरच्या दुधाऐवजी चमच्या-बाटलीने वाढवलेलं मूल. तो अर्थ पिपला कोणी सांगितलेला नाही. बहिणीचा हात जड आहे आणि तो नवऱ्यावरही पडतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक. तेव्हा त्याने धरून चाललं की आपण आणि जो, दोघेही 'हाताने वाढवलेले' आहोत.

चार रकाने इथे झपाट्याने भरतात, पण चौथ्यापाशी थांबा. पिपचा अर्थ भाषेच्या दृष्टीने चूक आहे आणि घराच्या दृष्टीने तंतोतंत खरा. बहिणीच्या घरात हाताचं काम मारण्याचंच आहे. मोठ्यांची भाषा जे झाकते ते मुलाच्या चुकीने उघडं पडतं. शब्दावर अडखळणारं मूल दिसलं की हा प्रश्न विचाराच: ही चूक कोणतं खरं सांगते? या प्रश्नाच्या उत्तरावर पूर्ण परिच्छेद उभा राहतो.

हे वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडावं म्हणून आपल्या घरातली भाषा आठवून पाहा. 'तिला दिवस गेलेत' हे ऐकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला काय कळेल? दिवस तर सगळ्यांचेच जातात; मग सगळे हळू आवाजात का बोलतायत? किंवा 'आजोबा देवाघरी गेले.' मामाच्या घरी गेलेला माणूस परत येतो, शेजारच्या घरी गेलेला परत येतो, म्हणून मूल 'परत कधी येणार?' विचारतं. त्याचं व्याकरण चोख आहे. 'घरी जाणे' या क्रियेचा त्याने केलेला नियम या एका वाक्यालाच लागू पडत नाही.

पिपच्या 'अबव्ह'चं तसंच. दगडावर 'द अबव्ह' म्हणजे ज्याचं नाव वर कोरलंय तो. पुढे सातव्या प्रकरणात मोठा पिप सांगतो की तेव्हा ती अक्षरं जुळवत वाचण्यापुरतंच आपल्याला येत होतं, आणि 'अबव्ह' म्हणजे वडील वर, चांगल्या जगात गेले म्हणून केलेला गौरव असं आपण समजत होतो. कुणा नातेवाइकाचा उल्लेख 'खाली' असा असता तर त्याच्याबद्दल आपलं मत फार वाईट झालं असतं. मराठी वाचकाला हे चटकन उमगतं, कारण आपल्याकडेही माणूस 'वर जातो'. पण उत्तर पहिल्या प्रकरणातल्या उताऱ्यावर लिहीत असाल, तर हा खुलासा पुढे येतो असं स्पष्ट म्हणा. उताऱ्यात नसलेली माहिती उताऱ्यात असल्यासारखी वापरणं ही चूक आहे, मग ती माहिती कितीही खरी असो.

पायरी ५: वाक्याची बांधणी पाहा

उताऱ्याच्या शेवटाकडे एक लांबलचक वाक्य आहे. त्याची चाल साधारण अशी: तेव्हा मला पक्कं कळलं की खाजऱ्या झुडपांनी माजलेली ही ओसाड जागा म्हणजे दफनभूमी, आणि फिलिप पिरिप आणि जॉर्जियाना मेलेले आणि पुरलेले आहेत, आणि अलेक्झांडर, बार्थोलोम्यू, अब्राहम, टोबायस आणि रॉजरसुद्धा मेलेले आणि पुरलेले आहेत, आणि पलीकडचं सपाट काळोखं रान म्हणजे दलदल, आणि त्यापलीकडची शिशाच्या रंगाची रेघ म्हणजे नदी, आणि वारा जिथून सुटतो ती दूरची रानटी गुहा म्हणजे समुद्र, आणि या सगळ्याला भिऊन रडू लागलेलं, थरथरणारं छोटंसं गाठोडं म्हणजे पिप.

या एका वाक्यावर अर्धं उत्तर लिहिता येईल. तीन गोष्टी टिपा.

सगळं 'आणि'ने जोडलंय. 'म्हणून', 'कारण', 'तरीही' कुठे नाही. मुलाला वस्तू एकापाठोपाठ एक कळतायत, त्यांचे एकमेकींशी धागे अजून जुळलेले नाहीत. आईवडिलांचा मृत्यू आणि नदी हे एकाच यादीत, एकाच वजनाने येतात. याला भावनाशून्यता म्हणू नका; जगाची पहिली नोंद अशीच होते.

दिशा पाहा. थडग्यापासून दलदल, नदी, समुद्र अशी नजर लांब लांब जाते आणि एकदम उलट फिरून स्वतःवर येते. यादीतली शेवटची वस्तू तो स्वतःच आहे. 'मी रडू लागलो' असं तो म्हणत नाही. रडणारं एक गाठोडं दिसतं आणि ते पिप असल्याचा शोध लागतो. नदीला नदी म्हणून ओळखावं तसं तो स्वतःला ओळखतो.

आणि 'मेलेले आणि पुरलेले' हे शब्द दोनदा जसेच्या तसे येतात. पाठ केलेल्या ओळीसारखे. अर्थ पुरता कळलेला नसताना मूल मोठ्यांचे शब्द अखंड उचलतं, तुकडे पाडत नाही.

बांधणीबद्दल लिहिताना नुसतं 'लांब वाक्य वापरलं आहे' असं लिहू नका. लांबीने काय साधलं ते त्याच ओळीत सांगा, नाहीतर ते निरीक्षण अधांतरी राहतं.

पायरी ६: दुसऱ्या पात्राचा गोंधळ उपयोगी पडतो

मुलाची समज सर्वांत स्पष्ट दिसते ती दुसरं कुणी तिच्यावर आपटतं तेव्हा. पायात बेडी असलेला फरारी कैदी पिपला धरतो आणि आई कुठे आहे असं विचारतो. पिप म्हणतो, 'तिथे, साहेब!' कैदी दचकतो, चार पावलं पळतो, थांबतो, मागे वळून पाहतो. मग पिप भीतभीत समजावतो: 'ऑल्सो जॉर्जियाना. ती माझी आई.' वडिलांबद्दल विचारल्यावर म्हणतो, तेही. 'लेट ऑफ धिस पॅरिश', म्हणजे या पंचक्रोशीतले कैलासवासी.

कैद्यासाठी 'आई तिथे आहे' म्हणजे जिवंत बाई, आरडाओरडा, पकडलं जाणं. पिपसाठी आई म्हणजे तो दगड आणि त्यावरची ओळ. 'ऑल्सो' हा तर नुसता जोडशब्द, पण पिपने तो आईच्या नावाचाच भाग मानलाय. संवादाच्या तीन-चार ओळींत डिकन्सने दोन समजुती समोरासमोर आणल्या आणि कुणालाही काही समजावून सांगितलं नाही. तुमच्या उताऱ्यात संवाद असेल तर मुलाचं वाक्य ऐकून दुसऱ्या पात्राचं शरीर काय करतं ते आधी पाहा: पळणं, गप्प होणं, हसणं, विषय बदलणं. मुलाच्या आणि मोठ्यांच्या समजुतीत किती अंतर आहे त्याचं माप तिथे मिळतं.

निवेदक बाहेरचा असेल तर

सगळीच मुलं स्वतःची गोष्ट सांगत नाहीत. हेन्री जेम्सच्या 'व्हॉट मेझी न्यू' (१८९७) मध्ये निवेदक तिसराच आहे आणि घटस्फोट झालेल्या आईबापांमध्ये फेकली जाणारी छोटी मेझी केंद्रस्थानी. बापाने आईसाठी दिलेला शिवीगाळीचा निरोप ती इमानेइतबारे, शब्द न शब्द पोचवते. तिथे 'साधी रेघ, नागमोडी रेघ' ही कसोटी तशीच्या तशी चालत नाही, कारण जवळजवळ सगळेच शब्द मोठ्याचे आहेत. नंतर लिहिलेल्या प्रस्तावनेत जेम्सने सांगितलंय की लहान मुलांना जेवढं जाणवतं तेवढं सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात. म्हणून शब्दांऐवजी नजर शोधा: मेझी खोलीत कुठे उभी आहे, कुणाच्या चेहऱ्याकडे पाहते, कोणता प्रश्न विचारायचं टाळते. जाणीव मुलीची, शब्द निवेदकाचे.

उलट टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण सरावाला उत्तम. तिथे मोठा माणूस मागे वळून शेरे मारत नाही. लंपन त्याच्याच शब्दांत, त्याच्याच तालात सांगतो. नागमोडी रेघा जवळपास निघणारच नाहीत. मग चौथा रकाना पूर्णपणे वाचकाला भरावा लागतो आणि त्यासाठी उताऱ्यातला पुरावा जास्त काटेकोर हवा.

पायरी ७: समज पुढे बदलते का

उतारा सुटा असला तरी कादंबरी पूर्ण वाचलेली असेल तर हा प्रश्न विचारा. पिपच्या बाबतीत उत्तर मोठं आहे. बाहेरच्या खुणांवरून माणूस ताडण्याची त्याची सवय मोठेपणीही जात नाही. अचानक मिळालेल्या पैशामागे मिस हॅविशॅम, म्हणजे मोठ्या वाड्यात राहणारी एक श्रीमंत बाई, आहे असं तो खुणा जुळवून ठरवून टाकतो. ३९ व्या प्रकरणात कळतं की पैसा दफनभूमीतल्या त्याच कैद्याचा होता. अक्षरांवरून बाप ताडणारा मुलगा वाड्यावरून उपकारकर्ती ताडतो.

पण उत्तरात याला दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नका. प्रश्न उताऱ्यातल्या समजेचा आहे. पुढची कथा सांगत बसलात की उतारा हातातून निसटतो.

लिहिताना

चाळीस मिनिटं असतील तर पंधरा मिनिटं वाचनाला आणि रकान्यांना, वीस लिहायला, पाच तपासायला. चारशे शब्दांच्या उत्तरात चार-पाच अवतरणं पुरतात, प्रत्येकी दोन ते आठ शब्दांचं. लांब अवतरण जागा खातं आणि तुमचं म्हणणं दाबून टाकतं.

पहिलं वाक्य तिसऱ्या रकान्यातून उचला. 'या उताऱ्यात लहान मुलाचं भावविश्व सुंदर रेखाटलं आहे' असं लिहून सुरुवात करण्यापेक्षा अशी करा:

'आईवडिलांना न पाहिलेला पिप त्यांची ओळख दगडावरच्या लेखातून करून घेतो आणि अक्षरांचा आकार हाच माणसाचा आकार असं धरतो. वडिलांची अक्षरं त्याला चौकोनी, जाडजूड माणूस दाखवतात; पाच निमुळते दगड त्याला खिशात हात घातलेले पाच भाऊ दाखवतात. त्याचं निरीक्षण अचूक आहे. थडग्याचा दगड मृताच्या रूपाबद्दल काही सांगत नसतो, एवढंच त्याला माहीत नाही. भाऊ जगण्याचा प्रयत्न लवकर सोडून गेले हे शब्द मोठ्या पिपचे आहेत. मुलाला खिशातले हात दिसतात, मोठ्याला मृत्यू दिसतो, आणि दोन्ही एकाच वाक्यात असल्यामुळे वाचकाला हसू आणि कळवळा एकदमच येतात.'

या परिच्छेदात निरीक्षण, नियम, उणीव आणि दोन आवाज, चारही आले, आणि 'निरागस' शब्द कुठेही लागला नाही. तपासताना आपल्या उत्तरातले 'निरागस', 'बालसुलभ', 'भाबडा', 'भावविश्व' हे चार शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी मुलाने काय धरून चाललं ते एका वाक्यात लिहून पाहा. लिहिता आलं तर तो शब्द काढा. आलं नाही तर तुमचा तिसरा रकाना अजून रिकामा आहे; उताऱ्याकडे परत जा.

दुसरी तपासणी 'पिप' या नावाची. जिथे जिथे 'पिपला वाटतं' असं लिहिलंय तिथे लहान की मोठा ते ठरवा आणि गरज असेल तिथे 'मोठा पिप' किंवा 'निवेदक' असं लिहा.

आणखी एक मोह टाळायचा: मुलाला आजारी ठरवण्याचा. 'हा आघाताचा परिणाम', 'हा मानसिक विकार' अशी निदानं उताऱ्यात पुरावा नसताना चिकटवू नका. भीती, थंडी, एकटेपणा उताऱ्यात आहेत आणि तेवढे पुरेसे बोलके आहेत.

सरावासाठी

याच कादंबरीचं तिसरं प्रकरण घ्या. पिप घरातून खाऊ चोरून पहाटेच्या धुक्यातून कैद्याकडे धावतोय. त्याला वाटतं, फाटकं, चर आणि बांध अंगावर धावून येतायत आणि ओरडतायत: दुसऱ्याचा 'पोर्क पाय' (मांस भरलेला खाद्यपदार्थ) चोरून नेणारा पोरगा, धरा त्याला! गुरं टक लावून बघतात. गळ्याला पांढरा पट्टा असलेला एक काळा बैल तर पाद्र्यासारखा दिसतो आणि पिप त्याला रडवेला होऊन सांगतो की माझा नाइलाज होता, साहेब.

रकाने आखा. बैलाच्या ओळीत पहिल्या रकान्यात काळं अंग आणि गळ्याचा पांढरा पट्टा येईल. नियम काय निघतो ते लिहा. तो दफनभूमीतल्या नियमाशी जुळतो का पाहा. मग दोन्ही उताऱ्यांतला फरक शोधा: तिथे पिप दगडांकडे बघत होता, इथे सगळं जग पिपकडे बघतंय. त्याच प्रकरणात थोडं पुढे, धुक्यात दुसराच एक माणूस दिसल्यावर कैद्याने पहिल्या प्रकरणात ज्याची धमकी दिली होती तो काळीज आणि यकृत फाडून काढणारा तरुण हाच, असं पिपला वाटतं. आणि निवेदक म्हणतो की यकृत कुठे असतं ते माहीत असतं तर तिथेही मला कळ आली असती. त्या एका वाक्यात साधी रेघ कुठे संपते आणि नागमोडी कुठे सुरू होते ते ठरवा.